हळू ऐकू येत नाही, मोठं सोसत नाही

१ जून २०२५, रविवार

काल रात्रीच्या प्रकारानंतर ठरवलं की हे काम आता नीट हातात घ्यायचं आणि लिहून ठेवायचं, नाहीतर दर वेळी तेच सेटिंग परत परत करत बसतो.

झालं असं की सगळे झोपले म्हणून साडेअकराला माडीवर चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी लावली, १८९३ची. पहिल्या भागात एक जागा आहे, गाणं विझत विझत जातं आणि शेवटचे चार सूर एकटा बसून वाजवतो (बसून हे वाद्याचं नाव आहे, उभं राहून वाजवला तरी बसूनच), तिथं बुवांनी कागदावर सहा वेळा पी लिहिलंय, म्हणजे हळू हळू हळू करत सहा वेळा. बऱ्याच ठिकाणी म्हणे तेवढं हळू बसूनला जमत नाही म्हणून बास क्लॅरिनेट घेतात. मला तर काहीच ऐकू येईना, वर फॅन घरघरत होता, वाटलं संपलं की काय, म्हणून अँपचा नॉब वाढवला, अजून वाढवला, आणि लगेच पुढच्या ठोक्याला अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर आला. कपाटातल्या स्टीलच्या ताटल्या वाजल्या. खाली ही उठली, पोरगी उठली, आणि ज्यांना दाराची बेल ऐकू येत नाही ते अप्पासुद्धा खडबडून उठले आणि जिन्यात येऊन "काय पडलं रे?"

सकाळी पलीकडच्या आजी कन्नडमधनं गोड आवाजात "सल्प सौंड कम्मी माड्री" (जरा आवाज कमी करा) म्हणाल्या. गोड होता म्हणून जास्त लागला.

अप्पा उठले हे मात्र डोक्यात राहिलंय. त्यांना ऐकू कसं आलं?

३ जून

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कंपनीत क्वालिटीला आहे, मापल्याशिवाय चैन पडत नाही. फोनवर साउंड मीटरचं ॲप घेतलं. फोनचा माईक काही कॅलिब्रेट केलेला नसतो, त्यामुळे आकडा खरा मानायचा नाही, पण या आकड्यात आणि त्या आकड्यात फरक किती ते कळायला चालतो. माझ्या खुर्चीवर ठेवून, आकडे डीबीत (डेसिबल, आवाजाचं माप):

दुपारी, शेजारचे माग चालू, खिडकी उघडी: ६२
तेच खिडकी बंद: ५६
रात्री अकरा, फॅन चारवर: ४७
रात्री अकरा, फॅन बंद: ३४
रात्री अकरा, फॅन बंद, खाली फ्रिज सुरू झाला की: ३६-३७

आता हिशोब. रात्री घरच्यांना आणि आजींना त्रास न होता खुर्चीवर फार तर ७५ जाऊ शकतं, तेही क्षणभर. खाली ४७चा फॅन. म्हणजे माझ्याकडे जागा उरली २८ डीबीची. सीडीवर सोळा बिटात कागदावर ९६ डीबी मावतात, चांगल्या सिम्फनीच्या रेकॉर्डिंगला ५०-६० तरी लागतात, आणि मी ते २८च्या खोक्यात कोंबायला बघतोय. मग एकतर वरचं छताला आपटणार नाहीतर खालचं फॅनमध्ये बुडणार. इतकी साधी गोष्ट मला कळायला चाळिशी उलटली.

८ जून, रविवार

घराची माहिती लिहून ठेवतो कारण पुढं सगळं त्यावरच येणार आहे. शहापुरातलं जुनं कौलारू घर, वर लाकडी माडी, बारा बाय दहाची खोली. एक भिंत शेजारच्या मागाच्या शेडला लागून. ती शेड एकेकाळी आमचीच, अप्पांनी तिथं चाळीस वर्षं पॉवरलूम चालवले, गुडघे गेल्यावर शेजारच्या मामांना विकली. माग सकाळी आठला सुरू होतात ते रात्री नवापर्यंत, धोटा इकडनं तिकडं आपटतोय खटाक खटाक, आम्हाला त्याची एवढी सवय की आवाज थांबला तरच लक्ष जातं. मागं एकदा कंपनीचं मीटर आणून शेडमध्ये धरलं होतं, ९७ आलं. आमच्या कंपनीत ८५च्या वर गेलं की कानात बोळे सक्तीचे. अप्पांनी चाळीस वर्षांत कापसाचा बोळासुद्धा घातला नाही.

आणि तरी गाण्याचं वेड. आकाशवाणी धारवाड लावून माग चालवायचे, रेडिओ मागाच्या आवाजावर मात करेल एवढा मोठा. मीडियम वेव्हवर गाणं येतं तेच मुळात दाबून सपाट केलेलं, हळू जागा खरखरीत बुडू नये म्हणून, त्यामुळे मागाच्या खोलीतसुद्धा ते ऐकू यायचं. म्हणजे मी आता जे करायला निघालोय ते काम स्टेशनवरची माणसं आधीच करून पाठवत होती!

आज काही फायली मोजल्या. एफएफएमपेगमध्ये (फायलींवर काम करणारा फुकटचा प्रोग्राम) ईबीयू आर१२८चा (युरोपातल्या प्रसारकांचं आवाज मोजायचं प्रमाण) मीटर आहे, तो फाईलची सरासरी लाउडनेस आणि लाउडनेस रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्यातला फरक, दोन्ही सांगतो. चायकोव्हस्कीच्या पहिल्या भागाची रेंज २१ निघाली. अप्पांच्या कॅसेटवरनं कॉम्प्युटरवर घेतलेले ख्याल ८ ते ११. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्या ५-६. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, हा मीटर फार हळू भाग गाळून टाकतो, सरासरीपेक्षा २०च्या खाली गेलेलं धरतच नाही, आणि उरलेल्यातला तळाचा दहा टक्के आणि वरचा पाच टक्के सोडून देतो. म्हणजे ते सहा पी या २१मध्ये कुठंच नाहीत. खरा प्रॉब्लेम मीटरच्याही खाली बसलाय.

१४ जून

आधी फुकटचे उपाय.

फॅन. बेळगावात जूनमध्ये गरमीसाठी फॅन लागतच नाही, तो असतो डासांसाठी. मग डासांचं बघितलं की फॅनचं काम झालं. जुनी मच्छरदाणी काढली आणि खुर्चीभोवती टांगली, खिळे होतेच. जाळीचं कापड आवाज अडवत नाही, स्पीकरवरची जाळी असते तसंच ते. एका फटक्यात १३ डीबी मोकळे झाले, खर्च शून्य. ही येऊन बघून गेली आणि काही बोलली नाही, मच्छरदाणीत बसून सिम्फनी ऐकणाऱ्या माणसाला काय बोलणार.

खुर्ची. स्पीकर भिंतीकडे आणि मी तीन मीटर लांब बसायचो, ऐटीत. आता स्पीकर पुढं ओढले आणि खुर्ची सव्वा मीटरवर घेतली. मोकळ्या मैदानात अंतर निम्मं केलं की ६ डीबी वाढतात, खोलीत भिंतींचा आवाज मिसळतो म्हणून तेवढे मिळत नाहीत, मला पाच मिळाले. म्हणजे नॉब पाचनं कमी केला तरी कानाला तेवढंच, आणि आजींच्या भिंतीला पाचनं कमी. फुकटात एवढा फायदा, आणि हे कोणी विकत नाही म्हणून कोणी सांगत पण नाही.

खिडकी. खडे बाजारात रबराची चिकटपट्टी मिळाली, चौकटीला चारी बाजूनं लावली. दिवसा ५६चे ५२ झाले. मागाचा जो धपधप भाग आहे तो भिंतीतनं आणि वाशातनं येतो, त्याला पट्टी काय करणार.

२२ जून

सगळ्या फायलींना रीप्लेगेन (वाजवताना आवाज एकसारखा करायची सोय) लावलं, चुकून ट्रॅक गेन, म्हणजे प्रत्येक फाईलला वेगळं. मग सिम्फनीचा हळुवार दुसरा भाग शेवटच्या भागाएवढाच मोठा वाजायला लागला आणि विलंबित ख्याल द्रुतएवढा. पुसून अल्बम गेन लावलं. अल्बम गेन अख्ख्या तबकडीला एकच गेन देतं, आतली चढउतार तशीच राहते. ख्यालाच्या फायली तोडलेल्या असतील तर हे विसरायचं नाही.

२९ जून, रविवार

आता खरं काम. रास्पबेरी पायवर (हा एक छोटासा कॉम्प्युटर) गाणी वाजवायला मूड ऑडिओ आहे, त्यात आवाजावर प्रक्रिया करणारं कॅमिलाडीएसपी आतच येतं, त्याला कॉम्प्रेसर आहे. मी आतापर्यंत कॉम्प्रेसरला शिवी समजत होतो, जाहिरातींचा आवाज मोठा करायचं यंत्र. पण बाकी सगळं करून ३४ ते ७५ म्हणजे ४१ची जागा झालीय, आणि गाण्याला ५५ तरी हवेत, तेव्हा १४-१५ कुठंतरी दाबायलाच लागणार.

कॉम्प्रेसर करतो काय, एक उंबरठा ठरवायचा, त्याच्या वर आवाज गेला की वरचा भाग ठरलेल्या प्रमाणात भागायचा. नंतर सगळंच उचलायचं, त्याला मेकअप गेन. पॉप गाण्यात उंबरठा वर ठेवतात आणि भागाकार जबर, चारानं वगैरे. आपल्याला उलटं पाहिजे: उंबरठा एकदम खाली, भागाकार जेमतेम. मी उंबरठा धरला उणे ४५ (डिजिटलमध्ये सगळ्यात मोठा आवाज म्हणजे शून्य, बाकी सगळे त्याच्या खाली उणे) आणि भागाकार दीड. मग सगळ्यात मोठा आवाज जो शून्यावर होता तो ४५ला दीडनं भागून उंबरठ्यावर ३०, म्हणजे उणे १५वर आला. त्यात १२ मेकअप घातले, उणे ३. आणि उणे ५०वरची हळू जागा १२ वर उचलून उणे ३८वर. पन्नासाचे पस्तीस झाले आणि कुठं एके ठिकाणी घडी पडली असं नाही, अख्खं कापडच जरा आटलं.

हे सगळं घालून तीन तास ऐकलं. काहीच फरक नाही. मेकअपमुळे सगळं नुसतं मोठं झालं आणि वरचं फाटायला लागलं. अटॅक (आवाज वाढला की दाबायला किती वेळ घ्यायचा) २५ घातला होता, रिलीज (दाबलेलं सोडायला किती वेळ) ४००. रात्री दीडला मॅन्युअल उघडलं.

३० जून

अटॅक सेकंदात लिहायचा असतो. मी २५ सेकंद अटॅक लावला होता आणि ४०० सेकंद रिलीज. मिलिसेकंद समजून. क्यूसीतला माणूस, ड्रॉइंगवर मिलिमीटर की इंच हे न बघता पीस रिजेक्ट करणाऱ्याला मी किती बोललोय आजपर्यंत.

०.०२५ आणि ०.४ घातलं. चालतंय.

६ जुलै, आषाढी एकादशी

टेस्टसाठी हायडनची ९४ नंबरची सिम्फनी घेतली, दुसरा भाग. लहान मुलांच्या गाण्यासारखी चाल, आधी हळू, मग तीच अजून हळू, आणि सोळाव्या मापाला नगाऱ्यासकट दणका. माझ्या तक्रारीचं सव्वादोनशे वर्षं जुनं नमुनापत्रच ते. अटॅक सावकाश ठेवला तर दणक्याचा पहिला भाग १२ मेकअप अंगावर घेऊन पुरा निसटतो, नंतर कॉम्प्रेसरला जाग येते आणि तो खाली ओढतो, कानाला असं वाटतं की कोणीतरी दचकून नॉब फिरवला. मी हातानं करायचो तेच, फक्त त्यात मी नाही. अटॅक फार भरभर ठेवला तर दणक्याचा दणकाच जातो, नगारा पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. २० मिलिसेकंदांवर तडजोड, शेवटी क्लिप लिमिट (ज्याच्या वर आवाज जाऊच द्यायचा नाही ती रेषा), आणि आत येतानाच सगळं ६ डीबीनं कमी केलं म्हणजे निसटलेल्या टोकाला जागा राहते. (म्हणजे आतला उंबरठा पण सहानं खाली, उणे ५१. हे आधी विसरलो होतो.)

हायडन पास. मग संध्याकाळी अप्पा वर आले, उपासाचं खाऊन, म्हणाले माझं लाव. कॅसेटवरचा कुमार गंधर्वांचा ख्याल लावला. कुमार म्हणजे आमचेच की, इथनं जवळच सुळेभावीला जन्म, १९२४. आजारपणात एक फुफ्फुस कामातनं गेलं आणि तरी पुढं असं गायले, छोटे छोटे तुकडे, मधेच एकदम वर फेक आणि लगेच आत घेतलेला सूर. दोन मिनिटं ऐकून अप्पा म्हणाले,

"ह्यो तंबोरा पोहायलाय काय रे?"

आणि खरंच. समेवर बायाँ (तबल्यातला डग्गा) पडला की तंबोरा खाली बुडायचा आणि मग फुगत फुगत वर यायचा, परत ठोका, परत बुडी. सिम्फनीत हे मला दिसलं नव्हतं कारण तिथं मागं एकसारखं चालू असं काही नसतंच. आपल्याकडे तंबोरा सतत आहे, जणू फूटपट्टी लावून ठेवलीय, कॉम्प्रेसर कुठं हलला ते लगेच कळतं. माझे वीस हजारांचे स्पीकर आणि मीटर एका बाजूला, आणि ऐकू न येणाऱ्या माणसानं चूक काढली.

१३ जुलै, रविवार

बायाँचा उपाय सापडला. कॉम्प्रेसरला कोणता आवाज बघून दाबायचं आणि कोणता आवाज दाबायचा हे कॅमिलाडीएसपीत वेगवेगळं सांगता येतं. म्हणून मिक्सरनं दोनाचे चार चॅनल केले. नव्या दोन चॅनलना १५० हर्ट्झच्या खालचं कापणारा हायपास लावला. कॉम्प्रेसरला सांगितलं की बघायचं हे कापलेले, आणि दाबायचे ते मूळचे. शेवटी परत चाराचे दोन. आता बायाँ कितीही घुमला तरी कॉम्प्रेसरला तो दिसतच नाही, त्याचं लक्ष गळ्यावर.

शिवाय ख्यालासाठी रिलीज दोन सेकंद केला, म्हणजे दाबलेला हात सावकाश उचलायचा, ठोक्याठोक्याला नाही. आणि दोन्ही चॅनल मिळून एकच मोजमाप, नाहीतर डावीकडे तबला वाजला की गाणारा उजवीकडे सरकतो.

बाहेर झड लागलीय चार दिवस. कौलांवरच्या पावसाचे ५० डीबी. ह्याला मच्छरदाणी नाही.

२० जुलै, रविवार

काल अप्पांना कानाच्या तपासणीला नेलं होतं, कानातलं मशीन घेऊन दोन वर्षं झाली. कानांचा आलेख बघितला, मधल्या सुरांपर्यंत ठीकठाक आणि ४००० हर्ट्झला विहीर. आवाजात काम केलेल्यांचा असाच असतो म्हणाल्या मॅडम. मी ३१ मेची रात्र सांगितली, बेल ऐकू येत नाही पण ऑर्केस्ट्रानं उठले. त्या हसल्या. म्हणाल्या, आतल्या कानातल्या पेशी गेल्या की हळू आवाज पोचतच नाही, पण मोठा आवाज मात्र तुमच्या-आमच्याएवढाच मोठा लागतो, मधली जागाच आक्रसलेली असते, त्यामुळे थोडं वाढवलं की एकदम अंगावर येतं. याला रिक्रूटमेंट म्हणतात.

म्हणजे अप्पांचा कान म्हणजे माझी फॅन चालू असलेली खोली. खालनं पाणी चढलेलं, वरचं छत आहे तिथंच.

आणि पुढचं ऐकून तर मी खुर्चीत सरळ बसलो. त्यांचं कानातलं मशीन तेच करतं जे मी दीड महिना करतोय! हळू आवाज जास्त उचलायचा, मोठा कमी. नाव पण काय, वाइड डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन. माझा तरी एक कॉम्प्रेसर, त्यांच्या मशीनमध्ये वेगवेगळ्या सुरांना वेगवेगळे, ४००० जवळ जास्त. म्हणजे मी गाणं एकदा दाबतो आणि त्यांच्या कानात ते परत दाबलं जातं, बोळ्यात बोळा.

अजून एक विचारलं. मशीन लावल्यापासून अप्पा म्हणतात तंबोरा कमी झाला, मला वाटायचं कॅसेट घासली. मॅडम म्हणाल्या, मशीन हे बोलणं ऐकायला बनवलेलं असतं. बोलणं चढतं उतरतं, जे एकसारखं चालू राहतं ते म्हणजे फॅन, मिक्सर, गोंगाट, असं समजून मशीन ते कमी करतं. तंबोरा एकसारखा चालू, म्हणून तो पण कचऱ्यात. आणि लांब ठेवलेला एकच सूर आला की मशीनला वाटतं आपणच शिट्टी मारतोय, ते तो सूर मारायला जातं. खर्ज लावून बसणाऱ्या माणसाच्या कानात असलं यंत्र.

अप्पा बाजूला बसून सगळं ऐकत होते. "मग मी काय येडा न्हवतो तर," एवढंच म्हणाले.

मॅडमनी संगीताचा वेगळा प्रोग्राम घालून दिला, गोंगाट-कपात बंद, शिट्टी-कपात बंद, कॉम्प्रेशन कमी आणि संथ. मागच्या बटणानं बदलायचा. जिन्यात उतरताना अप्पांनी तीनदा बदलून बघितला.

आज मी रास्पबेरी पायवर दोन सेटिंग केली. "रात्र" म्हणजे कॉम्प्रेसर. "अप्पा" म्हणजे कॉम्प्रेसर पूर्ण बंद, काय दाबायचं ते त्यांच्या कानातच होऊ दे.

२७ जुलै, रविवार

आज दुपारी जे झालं ते मापून झालं नसतं तर मी खरं मानलं नसतं.

अडीचला लाईट गेली. आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, माडीचा प्लग त्यावरच. मामांचे बाराच्या बारा माग एकदम थांबले. गल्लीतल्या सगळ्यांचे थांबले. फ्रिज इन्व्हर्टरवर नाही, तो पण थांबला. मी फॅन बंद करून फोन धरला, ३३. दुपारी अडीचला! रात्री अकरापेक्षा शांत. सकाळपासून खटखट ऐकून ऐकून कान असा झाला होता की ती शांतता पण आवाजासारखी लागली.

पळत खाली गेलो, अप्पांना वर आणलं, संगीताचं बटण दाबलं, मल्लिकार्जुन मन्सूर लावले, कॉम्प्रेसरबिम्प्रेसर काही नाही. मन्सूरअण्णांचं गाणं मुळात भरदार, फार खाली जातच नाही, पण दोन तानांमध्ये श्वास घेतात तेवढ्या जागेत मागचा तंबोरा स्पष्ट. अप्पा डोळे मिटून बसले, बोटं मांडीवर. चाळीस मिनिटं. मग लाईट आली, खटाक खटाक खटाक, अप्पांनी डोळे उघडून मशीन काढलं आणि खिशात टाकलं.

गावात सगळे लाईट गेली की शिव्या देतात, मी आजपासून देणार नाही.

२ ऑगस्ट

लाईट गेल्यावरच्या ऐकण्याला एक खोट. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा, अँपचा ट्रान्सफॉर्मर त्यावर गुणगुणतो, हळू जागेत ऐकू येतं. स्पीकरमधनं नाही, डब्यातनंच. अँप जिन्यातल्या कोनाड्यात हलवला, स्पीकरची वायर लांब घेतली. गुणगुण जिन्यात राहिली. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्यायचा म्हटलं तर ही म्हणाली गाण्यासाठी इन्व्हर्टर बदलणारं शहापुरातलं पहिलं घर होईल.

१० ऑगस्ट, रविवार

रात्री कमी आवाजात बायाँ आणि खर्ज पातळ लागतात. यात यंत्राचा दोष नाही, कानच तसा आहे, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून ठेवलंय की आवाज कमी केला की खालचे सूर जास्त झपाट्यानं नाहीसे होतात. कॅमिलाडीएसपीचा लाउडनेस फिल्टर चालू केला, खालच्याला फार तर ६ डीबी. हा कॉम्प्रेसरच्या नंतर लावायचा. मी आधी लावला होता, त्यामुळे परत बायाँनं कॉम्प्रेसर ढकलला असता, हायपास होता म्हणून वाचलो.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

गल्लीच्या तोंडाला मंडळाचा मांडव. खोलीत ७१. प्रकल्प अकरा दिवस बंद. मोदक चांगले झाले होते.

७ सप्टेंबर, रविवार, रात्री

कालची विसर्जनाची मिरवणूक आज दिवसभर चालू होती. संध्याकाळी शेवटचा गणपती गेला आणि गाव झोपलं ते असं झोपलं की बस. मागावरची पोरं दोन रात्री नाचलेली, शेड बंद. आज चंद्रग्रहण, अप्पा पाळतात म्हणून दुपारनंतर काही खाल्लं नाही आणि झोपले पण नाहीत. ढगांमुळे चंद्र काही दिसेना, म्हणाले मग वर बसूया.

मच्छरदाणी मोठी घेतलीय आता, दोन खुर्च्या बसतात. साडेदहाला मीटर ३१. "रात्र" लावून चायकोव्हस्की ऐकवू का विचारलं, ३१ मेच्या रात्री काय पडलं होतं ते दाखवतो म्हटलं. सहा पीची जागा आली, बास क्लॅरिनेट खाली खाली जात चार सूर म्हणाला, सगळे ऐकू आले, नॉबला हात नाही लावला. मग दणका. मीटरवर ७४. खाली कोणी उठलं नाही. अप्पांना काही आवडलं नाही. "हे काय, आधी कानात सांगायचं आणि मग बोंबलायचं."

मग त्यांचं सेटिंग. कुमार. आत घेतलेल्या सुराला अप्पांनी हात वर केला, म्हणजे आला ऐकू. फेकीला पापणी पण हलली नाही. मधे एकदा मला म्हणाले जरा वाढव, मी दोन डीबी वाढवले, म्हणाले, "आता बास."

बारा वीसला कॅसेट संपली, ग्रहण अजून सुटलं नव्हतं, दुसरी बाजू लावली.

उरलेलं: इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणे. आजींना एकदा वर बोलावून त्यांच्या भिंतीला किती जातं ते त्यांनाच विचारणे.